मालनचा गुडघा

"आक्का, दात बघत्यात काय गं ही?" मालननं विचारलं.

पेनांगच्या एका दवाखान्यात आम्ही तिघी बाकावर बसलो होतो. मी, मालन आणि मणिपूरची थोइबी. नर्स एकेकीला आत नेत होती. थोइबी जाऊन आली होती आणि तोंडाला रुमाल लावून बसली होती. आत काय केलं म्हणून विचारलं, तर तिनं गाल फुगवला आणि त्यावर बोट फिरवून दाखवलं.

"दातच असतील," मालन म्हणाली. "माझा एक किडलाय. काढला तर बरं हुईल, फुकटात."

तिला आत नेलं आणि लगेच सोडलं. मग मी गेले. एका बाईनं लाकडाची चपटी काडी माझ्या गालाच्या आतून दोनदा खरवडली, काचेच्या पट्टीवर पुसली आणि हातानंच जा म्हणून खुणावलं. बाहेर आल्यावर आम्हांला संत्र्याचा रस दिला.

बसमध्ये मी दिघे सरांना विचारलं. दिघे सर आमचे कोच, मुंबईचे. म्हणाले, "आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. असल्या तपासण्या चालायच्याच."

"मग आम्ही तिघीच का?"

"चिठ्ठ्या काढतात," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आमच्या संघात आम्हा तिघींचेच केस बारीक कापलेले होते. हे मला तेव्हा सुचलं नाही.

ती स्पर्धा आता कुणाच्या लक्षात नाही. रबराच्या एका व्यापाऱ्यानं आपल्या गेलेल्या बायकोच्या नावानं चषक ठेवला होता. पहिल्या वर्षी चारच देश आले, आम्ही गेलो तेव्हा सहा होते. बायकांनी देशाकडून फुटबॉल खेळायचा ही गोष्टच तेव्हा नवलाची होती. बऱ्याच देशांच्या मोठ्या संघटना आपल्याच मुलींच्या संघाला ओळखही देत नव्हत्या. आम्हांला ब्लेझर मिळाले होते ते पुरुषांच्या मापाचे, बाह्या दुमडून घालायचे. पण छातीवर देशाचं नाव होतं. स्टेडियममध्ये राष्ट्रगीत लागलं तेव्हा मालन माझ्या शेजारी उभी होती आणि तिनं छातीवरच्या त्या नावावर हात ठेवला होता. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, बावीसची, पण मीही तसाच हात ठेवला.

मालन नंदनवाडे गडहिंग्लजची. वडिलांची पिठाची गिरणी. आमच्या कोल्हापुरात आणि तिच्या गडहिंग्लजात क्रिकेटपेक्षा फुटबॉलचं वेड जास्त. पण ते पोरांचं. ती मोठ्या भावाच्या मागं मागं मैदानावर जाऊन खेळायला शिकली. जिल्ह्याच्या निवडीला ती कॅनव्हासचे फाटके बूट घालून आली होती. मी गोलात उभी होते. तिनं मारलेला पहिला चेंडू मी अडवला आणि माझा तळहात दोन दिवस सुजून राहिला. दुसऱ्या दिवशी ती घरून हळद घेऊन आली. तेव्हापासून मी तिची आक्का.

संघात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. आमचं बोलणं ऐकून दिघे सरांना हसू यायचं, कारण आमच्या भागात बायका 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात. माझी आई तसंच बोलायची, आजीही. 'आले, गेले' मी पुढं शाळेत नोकरी लागल्यावर शिकले. मालनला ते कधीच जमलं नाही.

पहिल्या सामन्यात मालननं तीन गोल केले. दुसऱ्यात एक, पण तो असा, की तिथल्या पेपरात फोटो आला. तो सामना संपल्यावर हरलेल्या संघाचे दोन अधिकारी स्पर्धेच्या लोकांशी बोलत उभे होते आणि मधूनच आमच्या बाकाकडं हात करत होते. आम्हांला वाटलं, कौतुक चाललंय. मालननं तर त्यांना नमस्कार केला.

दवाखान्याची फेरी त्यानंतरची.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर, मिसेस थॉमसनी मला व्हरांड्यात बोलावलं. त्या आमच्या मॅनेजर. केरळच्या, पन्नाशीच्या, कडक. पण आम्हांला रात्री मच्छरदाण्या लावल्यात का ते स्वतः बघून जायच्या. दिघे सरही तिथं होते, कठड्याला टेकून.

"प्रमिला, बस," मिसेस थॉमस हिंदीत म्हणाल्या. मी बसले. त्या बराच वेळ हातातला चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मालन उद्या खेळणार नाही."

"का? काय झालं तिला?"

"ती तपासणी दातांची नव्हती. मुलगी आहे की नाही, ते बघायची होती."

मला आधी अर्थच लागला नाही. मग मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तू आणि थोइबी पास आहात. मालन नाही. तिच्या गालातून जे खरवडून घेतलं त्यात जे असायला हवं ते नाही, दुसरंच आहे, असं डॉक्टर म्हणतात. मी भांडले. पुन्हा तपासा म्हटलं. ते ऐकत नाहीत."

"मॅडम, मी शिबिरांत तिच्याबरोबर दोन वर्षं एका खोलीत राहते. एकत्र आंघोळीला जातो आम्ही. ती मुलगी आहे."

"मला काय वाटतं ते विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मला काय सांगितलंय ते ऐक. तिनं दुखापत झाली म्हणून बाहेर बसायचं. गुडघ्याला पट्टी बांधायची. मग ते ही गोष्ट बाहेर काढणार नाहीत आणि आपले आधीचे दोन्ही सामने तसेच राहतील. नाहीतर सगळ्या संघाला स्पर्धेतून काढतील आणि कारण पेपरात देतील. त्यात तिचं किती वाईट होईल, तूच विचार कर."

दिघे सर पहिल्यांदाच बोलले. "मला आधीपासून जरा शंका होती. बोलतेसुद्धा पोरासारखी. आलो, गेलो."

"सर, आमच्याकडं सगळ्या बायका तशाच बोलतात," मी म्हणाले. "मीपण तिच्याशी तसंच बोलतो. तुम्ही रोज ऐकता की."

ते पुन्हा कठड्याबाहेर बघू लागले.

"तिला हिंदी नीट समजत नाही," मिसेस थॉमस म्हणाल्या. "तिला तिच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवं."

मी दिघे सरांकडं बघितलं.

"हे बायकांचं आहे," ते म्हणाले. "मी कसं सांगणार?"

मालन मागच्या नळावर जर्सी धूत होती. उद्याच्या सामन्यासाठी. साबण लावून कॉलर घासत होती. मी शेजारी दगडावर बसले. कशी सुरुवात करावी याचा मी व्हरांड्यापासून नळापर्यंत विचार केला होता, आणि तिच्या तोंडाकडं बघितल्यावर त्यातलं काहीच उरलं नाही.

"मालन, ते गालातलं खरवडलं न्हवं, ते दाताचं नव्हतं."

"मग?"

"बाई हाय का गडी, ते बघायचं होतं."

ती खुदकन हसली. "आणि काय दिसलं त्यास्नी?"

"तू त्यांच्या हिशोबानं बाईत बसत न्हाईस."

नळ वाहत होता. तिनं तो बंद केला.

"तुझं?"

"माझं बसलं."

"थोइबीचं?"

"तिचंबी."

तिनं जर्सी पिळली. झटकली. पुन्हा पिळली, पाणी येत नव्हतं तरी. मग खाली बघतच म्हणाली, "मला पाळी येत न्हाई, आक्का."

"कधीपासनं?"

"कधीच आली न्हाई. आईला ठावं हाय. एकदा बेळगावच्या डॉक्टराकडं नेलं होतं. त्यो म्हणाला, हिचं लगीन करू नका. एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या पेशंटला बोलावलं."

"मग तुला ठाऊक होतं?"

"काय ठाऊक होतं? पाळी येत न्हाई एवढं ठाऊक होतं. पोरगी हाय का न्हाई ते कशाला ठाऊक करून घ्यायचं? मी हायच की."

मी तिला पट्टीचं सांगितलं. संघाचं सांगितलं, पेपरचं सांगितलं. ती ऐकत होती. तिला राग यावा असं मला वाटत होतं, पण ती फक्त अवघड गणित समजून घेणाऱ्या मुलीसारखी कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"कुठल्या गुडघ्याला?" तिनं विचारलं.

"कुठल्याबी."

"आणि कधी सोडायची?"

"घरी गेल्यावर."

"लंगडायचं बी?"

"थोडं."

तिनं जर्सी दोरीवर टाकली, सारखी केली. "बांध म्हणावं," ती म्हणाली. "माझ्यामुळं संघ कशाला जायला पायजे?"

उपांत्य सामना यजमानांशी होता. स्टेडियम भरलं होतं. मालन उजव्या गुडघ्याला जाड पट्टी बांधून आमच्या बाकावर बसली होती. एका बातमीदारानं तिच्याजवळ जाऊन काही विचारलं, तेव्हा मिसेस थॉमसनीच उत्तर दिलं. त्यानं तिच्या गुडघ्याचा फोटो काढला. बाकीच्या मुलींनाही खरं माहीत नव्हतं. आमची कॅप्टन अनिमा मैदानात जाताना तिच्या पाठीवर थोपटून गेली आणि म्हणाली, "आराम कर, फायनलला तू हवीस." मालननं मान हलवली.

पहिल्या अर्ध्या वेळेत गोल झाला नाही. त्यांनी बरेच हल्ले केले, मी जमेल तसे परतवले. पुढं मालन नव्हती. त्यामुळं चेंडू आमच्याकडंच येत राहिला. मध्यंतराची शिट्टी झाली आणि आम्ही कपडे बदलायच्या खोलीकडं निघालो. मालन अनिमाच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत चालली होती. नाटक तिला बरं जमत होतं.

दारात स्पर्धेची एक बाई उभी होती, कोटावर बिल्ला लावलेली. एकेक मुलगी आत गेली. मालन आली तेव्हा तिनं हात आडवा केला.

"ही नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "हिच्यासाठी वेगळी खोली आहे."

"जखमी आहे ती," अनिमा म्हणाली. "आमच्यातलीच आहे."

बाई काहीतरी पुटपुटली. मला एवढंच कळलं, की इथं मुली कपडे बदलतात. अनिमा इंग्रजी शाळेतली. तिला सगळं कळलं असणार, कारण तिनं एकदम मालनकडं बघितलं, आणि तिचा खांदा आपोआप मालनच्या हाताखालून निघाला. तिनं तो मुद्दाम काढला असं मी म्हणणार नाही. पण निघाला. आतल्या मुली वळून बघत होत्या.

मालनला इंग्रजी येत नव्हतं. पण तो निघालेला खांदा तिला समजला.

ती वळली आणि परत मैदानाकडं निघाली. चार पावलं लंगडली, मग सरळ चालायला लागली. मी तिच्या मागं गेले. रेषेवर पोचल्यावर ती गवतात बसली आणि पट्टी सोडायला लागली. पट्टी लांबलचक होती. ती घाई न करता, घडी घालावी तशी हातावर गुंडाळत होती. बाकाशेजारी सरावाचे चेंडू पडले होते. तिनं एक पायानं पुढं घेतला.

"आक्का," ती म्हणाली, "गोलात हुबी ऱ्हातीस?"

माझ्या मनात सगळं येऊन गेलं. फायनल, मिसेस थॉमस, पुढची निवड. मी हातमोजे काढले नव्हते. मी जाऊन गोलात उभी राहिले.

लोकांनी आधी लक्ष दिलं नाही. तिनं चेंडू मारला. तो डाव्या कोपऱ्यात गेला, मी हलायच्या आत. जाळीचा आवाज झाला. मी चेंडू परत दिला. दुसरा तिनं फिरवून मारला, तोही आत. आता लोक बघायला लागले. मधल्या पायऱ्यांवरून टाळ्या सुरू झाल्या. त्यांना वाटलं, भारताच्या नऊ नंबरचा गुडघा बरा झाला. त्यांच्याच संघाविरुद्ध ती उतरणार, तरी टाळ्या वाजवत होते.

मी तिला गोल द्यायला उभी नव्हते. तिनं तसं मागितलंही नव्हतं. मी खरोखर झेप घेत होते, अंग टाकत होते. एक चेंडू मी बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर घालवला, तेव्हा ती धापा टाकत म्हणाली, "चांगला घेतलास." तिच्या तोंडावर मैदानावर असायचं तेच होतं, दुसरं काही नाही.

दिघे सर बाकाजवळून ओरडत होते. स्पर्धेचे दोन बिल्लेवाले धावत आले. मिसेस थॉमस त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण मध्यंतर संपल्याची शिट्टी होईपर्यंत ते दोघे रेषेच्या आत आले नाहीत.

उत्तरार्धात आम्ही एका गोलनं हरलो. कॉर्नरवरून आलेला चेंडू, गर्दीत मला दिसलाच नाही. परतताना बसमध्ये अनिमा एवढंच म्हणाली, "तुम्ही दोघींनी तमाशा केला नसता तर आम्ही खेळावर लक्ष देऊ शकलो असतो." मालन म्हणाली, "हां." तिला तेवढं हिंदी येत होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन फोटो शेजारी शेजारी होते. पट्टीचा गुडघा, आणि तोच पाय हवेत. खाली प्रश्न: धडधाकट खेळाडूला का बसवलं? मग स्पर्धेच्या लोकांनी कारण सांगून टाकलं. बातमी आमच्याआधी इकडं पोचली. कोल्हापूरच्या एका पेपरात चार ओळी आल्या. नाव दिलं नव्हतं, 'गडहिंग्लजची एक खेळाडू' एवढंच. गडहिंग्लजची खेळाडू एकच होती.

पुढचं आधी सांगून टाकते. मला पुन्हा शिबिराचं बोलावणं आलं नाही. कारण कुणी दिलं नाही, मी विचारलंही नाही. मिसेस थॉमसनाही नंतर कुठल्या संघाबरोबर कुणी पाठवलं नाही. ती स्पर्धा आणखी दोनदा भरली आणि बंद पडली. मी शाळेत खेळाची शिक्षिका झाले. मालन वडिलांच्या गिरणीत बसू लागली. मुलींच्या स्पर्धेत तिला कुणी घेईना, पोरांच्या स्पर्धेत घ्यायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी मैदानावर गल्लीतली पोरं दोन बाजू पाडायची, तेव्हा मात्र आधी तिलाच मागून घ्यायची. बरीच वर्षं. अजूनही तिचं पीठ बारीक आणि जीभ तिखट असते.

ती तपासणीही जगभर बंद झाली. त्यातून काही सिद्ध होत नाही, पोरींचं नुसतं वाटोळं होतं, असं डॉक्टरच म्हणू लागले. मी पेपरात वाचलं आणि गिरणीत फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यांच्यातलं कोण सांगाय आलं काय तुला?" तिनं विचारलं.

"न्हाई. पेपरात वाचलं."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "गिऱ्हाईक थांबलंय."

पण मला सांगायचंय ते परत आलो त्या दिवसाचं.

कोल्हापुरातून मी तिच्याबरोबर गडहिंग्लजच्या एसटीत बसले. तिला एकटीला सोडवेना. स्टँडवर भाऊ आला होता. त्यानं तिची पिशवी घेतली आणि आमच्या पुढं चालत राहिला, मागं न बघता. ओट्यांवर बसलेली माणसं आम्ही जवळ आलो की बोलायची थांबत होती. मालन मान वर करून चालत होती, पण तिनं माझा हात धरला होता आणि तो ओला झाला होता.

दारात आई उभी होती. बारीक, काळीसावळी बाई, अंगावर गिरणीचं पीठ. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, जिंकून आलेल्यांचा टाकतात तसा. मग म्हणाली, "पाणी तापलंय. न्हाऊन घे जा."

मालन न्हाणीत गेली. भाऊ बाहेर निघून गेला. आईनं मला मागच्या दारी पाटावर बसवलं, चहा दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"तिला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"मी सांगितलं, मावशी."

"आपल्या बोलीत?"

"व्हय."

"बरं केलंस. मला जमलं नसतं. इतकी वर्सं जमलं न्हाई."

न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. आई परसातल्या रिकाम्या दोरीकडं बघत होती.

"ती चौदाची झाली, बरोबरीच्या पोरी बाजूला बसाय लागल्या," ती म्हणाली. "हिचं काय न्हाई. वर्सभर वाट बघितली. शेजारणी इचाराय लागल्या. मग मीच दर म्हैन्याला जुन्या लुगड्याच्या घड्या भिजवून त्या दोरीवर वाळत घालाय लागलो. दिसाव्या म्हणून. आणि तीन दिस हिला कोपऱ्यात बसवायचं. चुलीला शिवायचं न्हाई, भाईर जायचं न्हाई. ग्राउंडावर तर न्हाईच न्हाई."

"तिला माहीत होतं?"

"तिला काय सांगणार? गप बस, एवढंच म्हणायचो. पोरांचा आवाज आत याचा, चेंडूचा आवाज याचा, ही आपली भिताडाकडं तोंड करून बसायची. एकदा पळून गेली, तर मी भर रस्त्यातनं मारत आणली. लोकांनी बघितलं. मला वाटलं, बरं झालं, बघू देत."

ती थांबली. पदरानं तिनं हाताला लागलेलं पीठ पुसलं. ते मघाशीच पुसून झालं होतं.

"उद्या ह्या म्हैन्याचा बसवायचा दिस हाय," ती म्हणाली.

चहा निवला होता.

मालन केस पुसत बाहेर आली. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काय बोलूलाईसा?" तिनं विचारलं.

"काय न्हाई," आई उठत म्हणाली. "उद्या ग्राउंडावर जा म्हणालो."